अनोळखी माणसासाठी दार उघडताना : ख्रिस्ती कुटुंबासाठी आणि मंडळीसाठी पाहुणचाराची आखणी

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत पाहुणचाराची उणीव आहे असे कोणी म्हणणार नाही. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांची ताटे शेजारीपाजारी जातात, लग्नाला वस्तीभर पंगती उठतात, आणि बाहेरगावाहून आलेले पाळकसाहेब कधी उपाशी परतत नाहीत. मात्र हा बहुतेक पाहुणचार ओळखीच्या माणसांचा असतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या यजमानाला सांगतो की मेजवानी करशील तेव्हा मित्र, भाऊबंद आणि धनवान शेजारी यांना बोलावू नकोस. ज्यांना परतफेड करता येत नाही अशांना बोलाव. ही आज्ञा आपण अनेकदा वाचतो आणि ती मोडावी असे कोणाच्या मनातही नसते. तरी ती पाळली जात नाही, याचे मुख्य कारण माझ्या मते मनाचा कोतेपणा नसून तयारीचा अभाव हे आहे. अनोळखी माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याला कुठे बसवायचे, काय वाढायचे, किती दिवस ठेवायचे आणि काय विचारायचे हे ठरलेले नसते. म्हणून आपण गोंधळतो आणि गोंधळलेला यजमान पाहुण्याला हसतमुखाने वाटेला लावतो. प्रीतीला पूर्वतयारी लागते. ती कशी करावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : आपल्या परिसरातला परका कोण, हे शोधणे

लेवीय १९ मध्ये देव इस्राएलाला सांगतो की तुमच्या देशात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. ही आज्ञा सर्वसाधारण दयेपुरती नाही. त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावा, असा नेमका तपशीलही दिलेला आहे. मवाब देशातून आलेली परकी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली ती याच नियमामुळे. तेव्हा आपल्या गावात हा परका कोण, तो कोणत्या महिन्यात येतो आणि त्याला नेमके काय कमी पडते, हे पाहणे हे पहिले काम आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, तसेच अहिल्यानगरमधून ऊसतोड कामगार येतात आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळ कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या घालून राहतात. नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी अंधारातच तोड सुरू होते. कोपीला ना न्हाणी असते ना संडास. लेकरे मागे थांबतात किंवा फडावर फिरतात. मिरजेसारख्या शहरात, जिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले, आजही कर्नाटकातून आणि खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात आणि नातेवाईक कॉरिडॉरमध्ये रात्र काढतात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात उपचारासाठी देशभरातून आलेली कुटुंबे पदपथावर राहिलेली कोणीही पाहू शकतो. पुण्यात ईशान्य भारतातून आलेले विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण ख्रिस्ती असूनही आपल्या मराठी उपासनेत शेवटच्या बाकावर एकटे बसून निघून जातात. सोसायटीचा नेपाळी रखवालदार, मजूर नाक्यावर उभा असलेला बांधकाम कामगार, बदली होऊन आलेले नवे कुटुंब, नुकतीच विधवा होऊन माहेरी परतलेली बाई, हे सगळे या यादीत येतात.

एखाद्या शनिवारी मंडळीतल्या तीन-चार जणांनी परिसरात पायी फिरावे. एस.टी. स्थानक, रुग्णालय, वसतिगृह, नाका आणि फड पाहून यावे, लोकांशी बोलावे आणि त्यातला एकच गट निवडावा. सगळ्यांसाठी सगळे करू म्हणणारी मंडळी महिन्याभरात थकते. एका गटासाठी वर्षभर टिकून काम करणाऱ्या मंडळीला पुढे दुसरा गट आपोआप दिसू लागतो.

दुसरी पायरी : घरातल्यांची संमती आणि कामाची वाटणी

मम्रेच्या एलोन झाडांखाली अब्राहामाकडे तीन अनोळखी माणसे आली तेव्हाची उत्पत्ती १८ मधली कथा आपण त्याच्या आदरातिथ्याचा नमुना म्हणून सांगतो. ती नीट वाचली तर दिसते की अब्राहाम धावत तंबूत गेला आणि तीन मापे सपीठ मळून भाकरी करण्याचे काम त्याने साराला सांगितले. मात्र तो स्वतःही गुरांकडे धावला, वासरू त्याने स्वतः निवडले, दही-दूध आणि मांस त्याने स्वतः पुढे ठेवले आणि पाहुणे जेवत असताना तो झाडाखाली उभा राहिला. आपल्याकडे या गोष्टीचा पहिला अर्धा भागच आचरणात येतो. उपासनेनंतर पुरुषाने चार जणांना जेवायला बोलवायचे आणि ते घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात कळवायचे, ही रीत प्रीतीची नाही.

म्हणून कुटुंबाने आधी एकत्र बसून बोलावे. महिन्यातून किती वेळा पाहुणा आलेला झेपेल, कोणत्या वारी, मुक्काम चालेल की फक्त जेवण, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत काय करायचे, हे ठरवावे. स्वयंपाक कोण करणार आणि भांडी कोण घासणार हेही स्पष्ट बोलावे आणि त्यात घरच्या पुरुषांची व मुलग्यांची नावे यावीत. घरातल्या म्हाताऱ्या आईला किंवा किशोरवयीन मुलीला एखाद्या अनोळखी माणसाच्या मुक्कामाची भीती वाटत असेल, तर तिच्यावर अविश्वासाचा आरोप न करता तिचे म्हणणे मान्य करावे. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा असे लिहितो. ज्या घरात सगळा भार एकाच व्यक्तीवर पडतो, तिथे ती कुरकुर ओठांवर आली नाही तरी पाहुण्याला ऐकू जाते.

तिसरी पायरी : पाहुणा येण्याआधीची तयारी

शुनेम येथील स्त्रीने अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर लहानशी खोली बांधली आणि तिच्यात पलंग, मेज, बैठक आणि दिवा ठेवला, असे २ राजे ४ मध्ये नोंदवलेले आहे. चौथ्या शतकातला बिशप योहान ख्रिसोस्तोम आपल्या श्रोत्यांना आग्रहाने सांगत असे की घरात ख्रिस्तासाठी, म्हणजे परक्या गरिबासाठी, एक जागा राखून ठेवा. आपल्यापैकी बहुतेकांकडे स्वतंत्र खोली नसते, आणि ती असावी अशी अटही नाही. एका खोलीच्या घरातही चार गोष्टी करता येतात.

धुतलेली एक गादी, चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल यांचा संच वेगळा बांधून ठेवावा. तो घरच्या माणसांनी वापरू नये. एका पिशवीत साबण, टूथब्रश, तेलाची लहान बाटली, कंगवा आणि सॅनिटरी पॅड ठेवावेत. बाईमाणसाला शेवटची वस्तू मागायला लाजावे लागू नये. स्वयंपाकघरात पोहे, रवा, तांदूळ, डाळ, शेंगदाणे आणि चहापत्ती इतके सामान कायम शिल्लक असावे, म्हणजे रात्री नऊ वाजता आलेल्या माणसालाही पिठले-भात किंवा खिचडी मिळेल. आणि एका कागदावर जवळचे रुग्णालय, औषधाचे दुकान, एस.टी.च्या वेळा, पाळकांचा क्रमांक आणि तातडीच्या मदतीचे क्रमांक लिहून तो दाराच्या आत लावावा : तातडीच्या कोणत्याही प्रसंगी ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७.

घर चकचकीत करण्याच्या मागे लागू नये. पडदे बदलल्यावर, सोफा आल्यावर, रंगकाम झाल्यावर लोकांना बोलावू, असे म्हणता म्हणता वर्षे जातात. सारफथच्या विधवेकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल होते. एलीयाने त्यातूनच आपल्यासाठी आधी लहानशी भाकर मागितली आणि तिने ती दिली.

चौथी पायरी : पहिली पाच मिनिटे

या पायरीवर मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक जखमा इथेच होतात.

आपल्याकडे नवा माणूस भेटला की ‘नाव काय?’ पाठोपाठ ‘आडनाव काय?’ आणि ‘मूळ गाव कोणते?’ हे प्रश्न येतात. विचारणारा कधी कधी केवळ ओळख काढत असतो. पण ऐकणाऱ्याला ठाऊक असते की आडनावावरून जात शोधली जाते आणि त्यावरून पुढचे वागणे ठरते. मराठी ख्रिस्ती समाजातल्या अनेक कुटुंबांच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, आणि हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवला जात असे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हे भोगले, त्यांच्या दारात कोणालाही आडनावाच्या कसोटीला उतरावे लागू नये. मंडळीच्या दारातही तू कोणत्या मिशनचा, प्रोटेस्टंट की कॅथलिक, बाप्तिस्मा झाला आहे का, हे प्रश्न पहिल्या भेटीत येऊ नयेत.

त्याऐवजी पुढील क्रम पाळावा. आधी आपण आपले नाव सांगावे. मग बसायला जागा आणि पिण्याला पाणी द्यावे, आणि ते घरच्या रोजच्या पेल्यातून द्यावे. प्रवास लांबचा झाला का, काही खाल्ले का, एवढे विचारावे. पाहुण्याने स्वतःहून सांगितलेले ऐकावे आणि न सांगितलेले खोदू नये. वयाने मोठ्या व्यक्तीला आणि अनोळखी व्यक्तीला ‘अहो’ म्हणावे, मग ती व्यक्ती कचरा वेचणारी असो की अधिकारी. मजुराला सहज ‘ए, तू’ म्हणण्याची सवय सुशिक्षित घरांतही खोल रुजलेली आहे आणि ती जाणीवपूर्वक मोडावी लागते.

मंडळीत दर रविवारी दाराशी दोन जण नेमलेले असावेत, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला उघड दोष देतो. म्हणून नव्या माणसाला मागच्या बाकावर सोडून न देता कोणाच्या तरी शेजारी बसवावे. त्या शेजाऱ्याने गीताचा क्रमांक उघडून द्यावा, केव्हा उभे राहायचे ते हळूच सांगावे, आणि प्रभुभोजनाचा रविवार असेल तर मंडळीची रीत आधीच समजावून सांगावी, म्हणजे ऐनवेळी सर्वांसमोर त्याची कुचंबणा होणार नाही. नव्या माणसाला उभे करून सर्वांपुढे ओळख करून द्यायला लावण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. ती बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या छळाला कंटाळून आलेली बाई, कर्जामुळे गाव सोडलेला माणूस, किंवा केवळ शांतपणे बसायला आलेला विद्यार्थी, यांना सभेपुढे नाव-गाव सांगणे ही शिक्षा वाटते.

उपासना संपल्यावर ‘पुन्हा या’ असे म्हणून हात जोडणे पुरेसे नाही. ‘आज दुपारी आमच्याबरोबर जेवाल का?’ हे वाक्य त्या दोघांपैकी एकाच्या तोंडी असले पाहिजे, आणि त्यासाठी त्या रविवारी कोणाच्या घरी दोन माणसांचे जास्तीचे जेवण आहे हे शनिवारीच ठरलेले असले पाहिजे.

पाचवी पायरी : ताट आणि पंगत

जेवण वाढण्यापूर्वी काय चालते ते विचारावे. पाहुणा शाकाहारी असेल, त्याचा उपवासाचा दिवस असेल, मुस्लिम असेल तर हलाल मांसाचा प्रश्न असेल, किंवा रुग्णाचे पथ्य असेल. आपल्याकडे रविवारी मटण-कोंबडी शिजते. शाकाहारी पाहुण्यासाठी नुसता रस्सा बाजूला काढून देणे हा त्याचा अपमान आहे. अशा दिवशी सगळ्या घराने वरण-भात आणि भाजी खावी हे सर्वांत सोपे. त्याने तरीही काही खाल्ले नाही, फक्त चहा किंवा केळे घेतले, तर मनाला लावून घेऊ नये.

पाहुण्याचे ताट आपल्या ताटासारखेच असावे आणि त्याने आपल्याबरोबर बसून जेवावे. अंगणात, पायरीवर किंवा कागदी पत्रावळीवर वाढणे हे दान असेल, पाहुणचार नाही. जेवणापूर्वीची प्रार्थना थोडक्यात करावी आणि ती करण्यापूर्वी ‘आम्ही जेवणाआधी देवाचे आभार मानतो’ असे एक वाक्य सांगावे, म्हणजे पाहुणा घास हातात घेऊन अवघडून थांबणार नाही. त्याला काही काम करावेसे वाटले, पाणी भरावे, कांदा चिरावा, तर करू द्यावे. नुसते घेत राहणे स्वाभिमानी माणसाला जड जाते.

आणि बोलावणे आले की आपणही जावे. प्रभू येशूने जक्कयाला घरी बोलावले नाही. मला आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हटले. ऊसतोड कामगाराच्या कोपीत तीन दगडांच्या चुलीवरचा गुळाचा कोरा चहा समोर आला, तर ‘नको, आत्ताच घेतला’ म्हणू नये. आपण नेलेल्या ब्लँकेटांपेक्षा तो चहा आपण तिथे बसून प्यायलो याने नाते अधिक जुळते.

सहावी पायरी : मुक्काम, मर्यादा आणि सुरक्षितता

मर्यादा घालणे म्हणजे प्रीती कमी पडणे, असा समज आहे. आरंभीच्या मंडळीला तो नव्हता. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या शिक्षणग्रंथात सांगितले आहे की वाटसरू म्हणून येणाऱ्याला होईल तितके साहाय्य करा, पण गरज असल्यास त्याने दोन किंवा तीन दिवस राहावे. कायम राहायचे असेल आणि हाती कसब असेल तर त्याने काम करून खावे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना अन्नवस्त्राबरोबर लिहिणे-वाचणे आणि उद्योगही शिकवले, ते याच विचाराशी जुळणारे आहे.

मुक्कामाची मुदत पहिल्याच संध्याकाळी मोकळेपणाने सांगावी : ‘तुम्ही गुरुवारी सकाळपर्यंत इथे राहा, तोवर पुढची सोय आपण मिळून पाहू.’ न सांगितलेली मुदत दोघांनाही छळते. मुक्कामाला येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, पाळकांना किंवा पंचांपैकी एकाला आणि सोसायटीला कळवावे. एकट्या स्त्रीला एकट्या पुरुषाच्या घरी किंवा त्याउलट ठेवू नये. स्त्रीची सोय स्त्रिया असलेल्या कुटुंबात करावी. घरातल्या मुलांना कोणाही पाहुण्याबरोबर एकटे सोडू नये, मग तो पाहुणा सुवार्तिक म्हणून आलेला असला तरी. परदेशी नागरिक मुक्कामाला आला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्यांकडे ऑनलाइन नोंदवणे यजमानाला बंधनकारक आहे.

एकटे, हरवलेले किंवा घर सोडून आलेले मूल दारात आले, तर त्याला जेवू घालावे, धीर द्यावा, पण स्वतःच्या निर्णयाने ठेवून घेऊ नये. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बाल कल्याण समिती यांना कळवावे लागते. कितीही मायेने ठेवले तरी न कळवणे त्या मुलाच्या हिताचे नसते. त्याची आई दुसऱ्या स्थानकावर त्याला शोधत असू शकते.

पैशांबाबत एक नियम उपयोगी पडतो : रोख रक्कम शक्यतो देऊ नये आणि उसने तर मुळीच देऊ नये. तिकीट काढून द्यावे, औषध दुकानातून घेऊन द्यावे, खानावळीचे बिल भरावे. चांगल्या शोमरोन्यानेही जखमीला उतारशाळेत नेले, दोन दिनार उतारशाळेच्या मालकाच्या हाती दिले आणि अधिक खर्च झाला तर परतताना देईन असे सांगितले. तो स्वतः पुढच्या प्रवासाला गेला, हेही लक्षात घ्यावे. जखमीची शुश्रूषा त्याने दुसऱ्याच्या साहाय्याने पुरी केली. जे आपल्या आवाक्याबाहेर आहे, जसे व्यसनमुक्ती, मानसिक आजार किंवा कौटुंबिक हिंसा, ते जाणकारांकडे सोपवावे आणि सोबत जावे.

कधी फसवणूकही होईल. तेव्हा काय झाले ते मंडळीत शांतपणे सांगावे, नियमात सुधारणा करावी आणि पुढच्या माणसाला मागच्या माणसाच्या लबाडीची शिक्षा देऊ नये.

सातवी पायरी : साक्ष आणि सेवा यांतील अंतर राखणे

भाकरीला अट जोडू नये. उपासनेला आलात तर धान्य मिळेल असे सुचवणेही चुकीचे आहे. त्याने घेणाऱ्याचा अपमान होतो आणि सुवार्तेचेही मोल जाते. प्रार्थना करण्यापूर्वी ‘तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का?’ असे विचारावे आणि नको म्हटले तर वागण्यात तसूभरही फरक पडू देऊ नये. विश्वासाविषयी कोणी विचारले तर मात्र संकोच न करता सांगावे. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये आगगाडीने राजनांदगावला जात असताना डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी आदराने आणि मोकळेपणाने संभाषण केले आणि नवा करार हाती दिला. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी पुढे त्यांच्या मागे लागला नाही. पुढे १९१७ मध्ये साताऱ्यात टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यात बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

आठवी पायरी : निरोप आणि मंडळीची व्यवस्था

निरोपाच्या वेळी वाटेसाठी भाकरी-चटणी बांधून द्यावी, पाण्याची बाटली द्यावी आणि गाडीत बसवून यावे. योहानाच्या तिसऱ्या पत्रात गायसाला नेमके हेच सांगितले आहे : अनोळखी बंधूंना देवाला शोभेल अशा रीतीने वाटेस लाव. आठवड्याने एक फोन करावा. रुग्णाच्या नातेवाइकाला तपासणीची पुढची तारीख विचारून ठेवली असेल, तर त्या दिवशीचा डबा कोण देणार हे आधीच ठरवता येते.

एकट्या कुटुंबाच्या खांद्यावर हे सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत हेल्लेणी म्हणजे ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात जण नेमले. आपणही महिला मंडळ, तरुण संघ आणि पंच यांमधून पाच-सहा जणांची समिती करावी. अर्पणातून ठरावीक रक्कम वेगळी ठेवावी आणि तिचा हिशेब वर्षातून दोनदा मांडावा, मात्र मदत घेणाऱ्यांची नावे त्यात वाचू नयेत आणि त्यांची छायाचित्रे समूहांवर टाकू नयेत. कोणत्या घरी कोणत्या रविवारी जास्तीचे ताट आहे याची पाळी तीन महिन्यांची लावावी, आणि प्रत्येक कुटुंबाला त्यात एक महिना मोकळा द्यावा.

ही पाळी लावताना, मागच्या वर्षी स्वतः परके म्हणून आलेल्यांची नावे घालायला विसरू नये. वसतिगृहातल्या ज्या मुलीला पहिल्या रविवारी कोणी गीताचे पान उघडून दिले नव्हते, तिला दाराशी उभे करावे आणि नव्याने येणाऱ्याला काय विचारावे, काय विचारू नये, हे समितीने तिच्याकडून समजून घ्यावे.